विश्रांतवाडी ते आळंदी : पावणेदोन मिनिटं!

मुलांनो, पुण्याला आलात तर विश्रांतवाडीच्या चौकात पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. नाव विश्रांतवाडी, पण विश्रांती कुणालाच नाही! येरवड्याकडून येणाऱ्या पीएमपीच्या बसगाड्या, विमानतळाकडे धावणाऱ्या टॅक्सी, धानोरीला वळणाऱ्या रिक्षा, दिघीकडून येणारे ट्रक, आणि या सगळ्यांच्या फटीतून वाट काढणाऱ्या दुचाक्या. वर मान करावी तर लोहगावहून नुकतंच उडालेलं विमान. ज्येष्ठात मात्र एक दिवस हा सगळा गोंधळ थांबतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती याच रस्त्यानं, माणसाच्या चालीनं.

माझी बहीण या चौकाजवळच, टिंगरेनगरला राहते. मागच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो, तर जिन्याखाली भाचेबुवा आणि त्यांचा मित्र यांचं कडाक्याचं भांडण चाललेलं. विषय काय? ट्रम्प कार्डं! तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असतील ती. एका पत्त्यावर एक गाडी, तिचं चित्र, खाली वेग, ताकद, किंमत. आपल्या गाडीचा आकडा मोठा, की समोरच्याचा पत्ता आपला.

मित्राच्या हातात होती ‘नेवेरा’, भाच्याच्या हातात ‘बत्तिस्ता’. मित्र म्हणाला, “वेग ४१२!” झालं, बत्तिस्ता गेली. भाच्याचं म्हणणं, “वेग बघ, पण दिसायला कुठली भारी आहे?” मित्र म्हणाला, “दिसण्याची ओळच नाहीये पत्त्यावर.” बरोबर होतं त्याचं!

हे भांडण ज्या जिन्याखाली चाललं होतं तिथं भिंतीला टेकून एक जुनी बजाज चेतक उभी होती. भाच्याच्या आजोबांची, १९८८ सालची. दोन वर्षांत कुणी किक मारली नव्हती. सीटवर धूळ, डिकीत कोळ्याचं जाळं. मेव्हण्यांनी ठरवलं होतं की येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलवायचं आणि ती जागा सायकलींसाठी मोकळी करायची. आजोबा काही बोलत नव्हते. रोज संध्याकाळी खाली येऊन सीटवर हात मात्र फिरवत होते.

“मामा, तू सांग,” भाचा म्हणाला. “दोघींतली कुठली चांगली? तू कुठली घेतली असतीस?”

माझ्या खिशाला दोघी सारख्याच होत्या! दोघींची मूळ किंमत वीस लाख युरोच्या आसपास, म्हणजे आपला आयातकर धरायच्या आधीच अठरा-वीस कोटी रुपये. तरी मी म्हटलं, “उत्तर बसल्या बसल्या नाही मिळायचं. चल, आळंदीला जाऊन येऊ. बसनं.”

विश्रांतवाडी ते आळंदी साधारण बारा किलोमीटर. आम्ही चौकातून बस पकडली आणि भाच्यानं घड्याळ लावलं. तेवढ्यात मी त्याला गणित घातलं, तुम्हीही करून बघा. ताशी ४१२ किलोमीटरनं बारा किलोमीटरला किती वेळ लागेल? बसच्या तिकिटाच्या मागं त्यानं भागाकार केला आणि डोळे मोठे केले. पावणेदोन मिनिटं! सेकंदाला ११४ मीटर.

पण थांबा. डोक्यावरून गेलेलं ते प्रवासी विमान धावपट्टी सोडतं तेव्हा त्याचा वेग असतो ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे नेवेरा विमानापेक्षाही जोरात धावते, मग ती उडत कशी नाही? विमानाच्या पंखांचा आकार असा की हवा त्याला वर उचलते. या गाड्यांची अंगं नेमकी उलट घडवलेली असतात. पुढून घुसणारी हवा गाडीला खाली, रस्त्यावर दाबून धरते. मागं जो पंखासारखा भाग दिसतो ना, तो शोभेचा नव्हे. तो वर-खाली हलतो, गाडीला दाबून धरतो आणि ब्रेक लावला की हवेत आडवा उभा राहतो.

ही नेवेरा क्रोएशिया देशातली. झाग्रेब शहराजवळ ती तयार होते. क्रोएशियाच्या समुद्रावर अचानक उठणाऱ्या वादळाला तिथले लोक नेवेरा म्हणतात. ती बनवणाऱ्याचं नाव माते रिमात्स. आपल्याकडे काही जण रिमॅक म्हणतात. याची गोष्ट तुम्हाला आवडेल. जन्म १९८८ चा, म्हणजे आजोबांच्या चेतकच्याच वयाचा! लहानपणी युद्धामुळं घरच्यांबरोबर जर्मनीला जावं लागलं, मग तिथून क्रोएशियात. शाळेत असताना त्यानं एक हातमोजा तयार केला. तो घातला की संगणकाला की-बोर्ड आणि माउस लागत नसे. त्याला बक्षिसं मिळाली. त्या पैशातनं आणि घरच्यांच्या मदतीनं त्यानं शर्यतीसाठी एक जुनी बीएमडब्ल्यू घेतली. शर्यतीत तिचं इंजिन फुटलं. दुसरा कुणी नवं इंजिन शोधत बसला असता. या पठ्ठ्यानं गॅरेजमध्ये तिला विजेची मोटर बसवली! लोक हसले, वॉशिंग मशिन घेऊन शर्यतीत आला म्हणाले. पुढं त्याच हिरव्या गाडीनं विजेच्या गाड्यांचे विक्रम केले. २००९ मध्ये त्यानं कंपनी काढली. २०२१ मध्ये बुगाटी ही शंभराहून अधिक वर्षांची नावाजलेली कंपनी त्याच्या कंपनीबरोबर एक झाली आणि रिमात्स तिचा प्रमुख झाला. वय वर्षं ३३!

बस कळसला थांबली. एक आजी भाजीची पाटी घेऊन चढल्या, म्हणून भाचेबुवा उठले आणि दांड्याला धरून उभे राहिले. ड्रायव्हरनं गाडी जरा जोरात काढली तर ते मागच्या माणसावर आदळले. मी म्हटलं, “लागलं का? आता ऐक.” या दोन्ही गाड्या शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरवर दोन सेकंदांच्या आत पोचतात. बत्तिस्ताचा आकडा १.८६ सेकंद. ‘एक-दोन’ म्हणेपर्यंत शंभर! त्या वेळी बसणाऱ्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दीडपट जोर येतो. तुम्ही चाळीस किलोचे असाल तर साठ किलोचं पोतं छातीवर ठेवल्यासारखं.

एवढं कसं जमतं? पेट्रोलच्या इंजिनाला आधी फिरून फिरून जोर आणावा लागतो. विजेच्या मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पुरा असतो. या गाड्यांत अशा चार मोटरी आहेत, प्रत्येक चाकाला एक. वळणावर कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा हे गाडीतला संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. दोघींची ताकद सुमारे १९०० अश्वशक्ती, म्हणजे १४०० किलोवॉट. घरातला गिझर दोन किलोवॉटचा धरा, तर सातशे गिझर एकदम चालू! बॅटरी १२० किलोवॉट-तासांची, म्हणजे १२० युनिटची. आज घरचं वीजबिल काढून बघा. कितीतरी घरांत महिनाभर पुरेल एवढी ही वीज. सगळी ताकद लावून गाडी चालवत राहिलात तर ही बॅटरी पाच मिनिटांत रिकामी! शहाण्यासारखी चालवली तर मात्र दोघी पावणेपाचशे किलोमीटरच्या वर जातात.

“मामा, दोघींचं सगळं सारखंच कसं?” भाच्यानं विचारलं. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. दोघींच्या पोटात एकच काळीज आहे! बत्तिस्ताची बॅटरी आणि मोटरी रिमात्सच्याच कारखान्यातून येतात. अंग वेगळं, चेहरा वेगळा, पण आतून बहिणी. आणि दोघींची संख्याही सारखी ठरवलेली, प्रत्येकी १५०. जगभरात मिळून बस्स.

दिघी मागं पडलं. डाव्या-उजव्या हाताला लष्कराच्या संशोधन संस्थांच्या लांबच लांब भिंती. मग रस्ता जरा मोकळा झाला आणि मी त्याला बत्तिस्ताची गोष्ट सांगितली.

इटलीत ट्युरिनजवळ १८९३ मध्ये एक मुलगा जन्मला, अकरा भावंडांतला दहावा. नाव बत्तिस्ता फरीना. अंगानं लहान म्हणून घरचे त्याला ‘पिनिन’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचा ‘धाकल्या’. १९३० मध्ये या धाकल्यानं गाड्यांची अंगं बनवण्याचा कारखाना काढला. इंजिन दुसऱ्याचं, देखणं अंग याचं. फेरारीच्या कित्येक गाड्यांचे आकार या घराण्यातून आले. त्याची एक गाडी तर न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात १९५१ मध्ये चित्रं आणि पुतळे ठेवतात तशी मांडली होती. टोपणनाव इतकं मोठं झालं की १९६१ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमानं घराण्याचं आडनावच ‘पिनिनफरीना’ करून दिलं! आपल्याकडे कुणाचं आडनाव ‘धाकल्यापाटील’ होण्यासारखंच की.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सजवल्या, फक्त आपल्या नावाची गाडी काही या माणसाच्या हयातीत झाली नाही. ती झाली २०१९ मध्ये. आणि कुणामुळं? सांगा बघू!

आम्ही आळंदीला उतरलो. भाच्यानं घड्याळ बघितलं : ३८ मिनिटं. नेवेराची पावणेदोन! इंद्रायणीच्या घाटावर जाऊन पाय धुतले. मग मी त्याला नदीपलीकडे जाणारा रस्ता दाखवला. “हा कुठं जातो?” “चाकणला.” “तिथं काय आहे?” “कारखाने.” “कुणाचे?” “महिंद्राचा आहे ना!” आणि मग तो थबकला.

हो, बत्तिस्ताचं गोत्र आपल्या या रस्त्यापर्यंत येतं. १९४५ मध्ये सुरू झालेली आणि सुरुवातीला परदेशी जीपचे सुटे भाग जोडणारी आपली महिंद्रा कंपनी. तिनं २०१५ मध्ये पिनिनफरीना घेण्याचा करार केला. २०१८ मध्ये फक्त अशा गाड्यांसाठी वेगळी कंपनी काढली आणि पहिल्या गाडीला त्या धाकल्याचं खरं नाव दिलं, बत्तिस्ता. गाडी इटलीतच, कांबियानो गावी, हातानं जुळवतात. एका गाडीला साडेबाराशे तास लागतात. चाकणला महिंद्राच्या विजेच्या मोटारी बनतात, बत्तिस्ता नाही, बरं का. पण पैसा आणि जिद्द मुंबईची, अंग इटलीचं, काळीज क्रोएशियाचं अशी ही गाडी.

ती भारतात येऊन धावूनही गेली. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ नावाची गाड्या तपासायची जागा आहे. तिथली ११.३ किलोमीटरची गोल धावपट्टी २०२१ मध्ये खुली झाली. तिथं २०२३ मध्ये बत्तिस्तानं ताशी साडेतीनशेचा आकडा ओलांडला, आणि पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, ८.५५ सेकंदांत कापले. नेवेराचा जर्मनीतला आकडा ८.२५. फरक किती? तीन दशांश सेकंद. पापणी लवते तेवढा!

भाचा म्हणाला, “पण तरी नेवेरा जिंकली. ४१२ कुठं नि साडेतीनशे कुठं!” खरं आहे. मी काही त्याची समजूत घालायला गेलो नाही. २०२३ मध्ये एका दिवसात २३ विक्रम मोडणारी गाडी ती. शून्यापासून चारशे आणि चारशेपासून पुन्हा शून्य, सगळं तीस सेकंदांच्या आत! वेगाच्या ओळीत नेवेराच. एवढं मात्र सांगितलं, की विकत घेणाऱ्याच्या हातात ती येते तेव्हा तिचा वेग ३५२ वर बांधलेला असतो. ४१२ हवा असेल तर कंपनीची माणसं, खास धावपट्टी आणि तपासलेले टायर लागतात.

पण पत्त्यावर एक ओळ नसते. पन्नास वर्षांनी ही गाडी कोण जपेल? या ओळीत वेग चालत नाही. ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९८ या काळात ‘मॅकलारेन एफ वन’ नावाची गाडी झाली. एकूण १०६. वेग ताशी ३८६, म्हणजे नेवेरापेक्षा कमी. ताकद तर नेवेराच्या निम्म्याहून कमी. पण त्यातली एक २०२१ मध्ये अमेरिकेत लिलावाला आली आणि दोन कोटी डॉलरच्या वर गेली! नव्या नेवेराच्या कितीतरी पट. का? ती थोडी आहे म्हणून? थोड्या तर नेवेराही आहेत. तिचं बारा सिलिंडरचं इंजिन गातं, ती चालवायला चालवणाऱ्याला यावं लागतं, आणि तिला उघडून दुरुस्त करता येतं. लोक त्याचे पैसे देतात.

गंमत म्हणजे हे खुद्द रिमात्सनंच २०२४ मध्ये उघड सांगितलं. नेवेराच्या दीडशे गाड्याही तोवर सगळ्या खपल्या नव्हत्या. तो म्हणाला की अतिश्रीमंत लोकांना विजेची गाडी नको आहे. हातावरचं स्मार्ट घड्याळ हजार कामं करतं, नाडीसुद्धा मोजतं, तरी त्याला कुणी लाखो डॉलर देत नाही. किल्लीच्या स्विस घड्याळाला मात्र देतात. आपल्या घरात नाही का, बाबांचं चावीचं एचएमटी कपाटात जपून ठेवलेलं असतं आणि बंद पडलेलं डिजिटल घड्याळ कुठं गेलं ते आठवतही नाही! मग रिमात्सनं काय केलं? त्याच वर्षी त्यानं नवी बुगाटी दाखवली. मोटरी आहेत, पण जोडीला चक्क सोळा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. नाव ‘तूर्बियाँ’, हा घड्याळातल्याच एका नाजूक यंत्राचा शब्द. वेग दाखवणाऱ्या तबकड्या स्विस घड्याळजींनी बनवलेल्या. वॉशिंग मशिनवाला कुठून कुठं आला बघा!

आता बत्तिस्ताचं काय? बॅटरी तीच, म्हणून चाळीस वर्षांनी ती बदलून कोण देणार हा प्रश्न दोघींनाही सारखाच. पण माझं मत विचाराल तर जपण्याच्या ओळीत मी बत्तिस्ताला झुकतं माप देईन. तिच्या मागं शंभर वर्षांची घराण्याची गोष्ट आहे, आकार असा की उभी असली तरी बघत राहावी. नेवेराचा विक्रम उद्या दुसरी गाडी मोडेल. मोडलाच आहे, तिच्याच धाकट्या भावंडानं, ‘नेवेरा आर’नं, २०२५ मध्ये. देखणेपणाचा विक्रम असा मोडता येत नाही. भाच्याचा मित्र हे मान्य करणार नाही, मला ठाऊक आहे. तुम्हीही करू नका हवं तर.

आणि हा जपण्याचा छंद काही परक्यांचाच नव्हे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे, म्हणजे आपल्या मल्हाररावांचे वंशज, १९३० च्या दशकात जगातल्या उत्तमोत्तम गाड्या मागवत. त्यांची ड्यूसेनबर्ग तेव्हाची सर्वांत जबरदस्त गाडी, ३२० अश्वशक्तीची! सांगाडा अमेरिकेतला, अंग लंडनमध्ये चढवलेलं, रंग नारिंगी आणि काळा. पुढं ती अमेरिकेला परत गेली आणि तिथल्या संग्राहकांनी तळहाताच्या फोडासारखी जपली. जिथं बत्तिस्ता साडेतीनशेनं धावली ते पिथमपूर या होळकरांच्या इंदूरपासून हाकेच्या अंतरावर.

परतीच्या बसमध्ये भाचा गप्प होता. विश्रांतवाडीला उतरल्यावर एकदम म्हणाला, “मामा, चेतकचं इंजिन उघडून दुरुस्त करता येतं?”

“येतं की! तिचं काय अवघड आहे?”

दुसऱ्या दिवशी फुलेनगरच्या बाजूचे एक मेकॅनिक घरी आले. टाकीतलं जुनं, खराब झालेलं पेट्रोल त्यांनी काढलं. कार्बोरेटर उघडून धुतला, प्लगवरची काजळी पॉलिश पेपरनं घासली. क्लचची वायर गंजलेली निघाली. ती नाना पेठेतून नवी आणली. असे जुने भाग तिथं अजून मिळतात. भाचा शेजारी उकिडवा बसून प्रत्येक स्क्रू वाटीत ठेवत होता. आजोबा खुर्ची टाकून सूचना देत होते, त्यातल्या निम्म्या मेकॅनिक ऐकत होते. मधेच आजोबांनी सांगितलं की ही गाडी नाव नोंदवल्यावर कितीतरी वर्षांनी हातात आली होती. तेव्हा चेतकसाठी अशीच वाट बघावी लागे. म्हणजे तीही एके काळी दुर्मीळच होती, नाही का?

शेवटी आजोबा उठले. म्हणाले, “आधी तिला वाकवायचं असतं.” सत्तरीतला माणूस, पण हँडल धरून त्यांनी चेतक अलगद आपल्या बाजूला झुकवली, क्षणभर धरली, सरळ केली आणि किक मारली. नाही. दुसरी, नाही. तिसरी, फुर्रर्र करून थांबली. चौथ्या किकला जिन्याखाली निळा धूर आणि असा काही आवाज, की वरच्या मजल्यावरची माणसं खाली डोकावली! मेव्हणेही आले. नाकावर रुमाल धरून म्हणाले, “कागद झाले तर राहू दे. नाही तर...” पुढचं बोललेच नाहीत.

कागद म्हणजे नोंदणी. पंधरा वर्षांनंतर गाडी तपासून घेऊन नोंदणी वाढवावी लागते, ती दर पाच वर्षांनी. ते काम आळंदी रस्त्यावरच्या आरटीओत. भाच्यानं आणखी एक गोष्ट शोधून काढली. २०२१ च्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षांची आणि मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. ती रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. दुचाकीसुद्धा चालते! १९८८ अधिक पन्नास, २०३८. तेव्हा भाचा चोवीस वर्षांचा असेल.

रविवारी भंगारवाल्याला जुनी वर्तमानपत्रं आणि एक फुटका टेबलफॅन देऊन परत पाठवलं. त्या संध्याकाळी भाच्यानं जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा चौकोन कापला, त्यावर चेतकचं चित्र काढलं आणि खाली ओळी लिहिल्या. ‘इंजिन : १४५ सीसी. गिअर : ४, हातातले. वेग : आजोबा सांगत नाहीत. किका : ४.’ मग पत्ता घेऊन मित्राकडे पळाला. मित्र म्हणे खेळायला तयार झाला, पण एका अटीवर. ‘किका’च्या ओळीत ज्याचा आकडा मोठा तो जिंकणार, की लहान तो, हे आधी ठरवायचं!